खर्जाची किंमत

वाद्याविषयी बोलताना माणसे दोन वाक्ये हमखास म्हणतात. पहिले, "वाद्यात काय आहे, सारे हातात असते." दुसरे, "वाद्यच चांगले नसेल तर हात तरी काय करणार?" पहिले वाक्य बहुधा तो म्हणतो ज्याच्या घरी चांगले वाद्य आधीच आलेले असते, दुसरे वाद्यांच्या दुकानात ऐकू येते. दोन्हींत थोडेथोडे सत्य आहे आणि म्हणूनच दोन्ही धोक्याची आहेत. संपूर्ण असत्य माणूस लवकर ओळखतो; अर्ध्या सत्याशी मात्र तो जन्मभर संसार करतो.

या दोन वाक्यांचा निवाडा करण्यासाठी सतार, सारंगी, बासरी ही आपली ओळखीची वाद्ये बाजूला ठेवून मी बेस गिटार घेणार आहे, हे ऐकून काही वाचकांना नवल वाटेल. पण या वाद्याला आपण सर्वांनी पाहिले आहे. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात ड्रमच्या शेजारी, जरा मागच्या बाजूला, लांब मानेचे आणि चार जाड तारांचे वाद्य गळ्यात अडकवून एक गृहस्थ उभा असतो. गाणाऱ्या मुलीकडे लोक पाहतात, ढोलकीवाल्याला शिट्या मिळतात. या गृहस्थाकडे कोणाचे लक्ष जात नाही. साध्या गिटारीच्या सहा तारांपैकी खालच्या चार तारा आणखी एक सप्तक उतरवल्या, की याच्या चार तारा होतात. त्यांतली सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. माणसाच्या कानाची खालची मर्यादा सुमारे २० कंपनांची. म्हणजे हा स्वर कानाच्या उंबरठ्यापाशीच वावरतो. घरात येतो, पण बैठकीत येऊन बसत नाही.

आता प्रश्न असा, की ज्या स्वराकडे कोणाचे लक्ष जायचे नाही, तो चांगला लागावा म्हणून माणसाने किती कष्ट करावेत आणि किती पैसे खर्चावेत? मला हा प्रश्न संगीताइतकाच संसाराचाही वाटतो. घराघरांत असा एकेक खर्जाचा स्वर असतो, आणि त्याच्यावर खर्च करताना आपला हात आखडतो.

खर्ज आपल्याला नवा नाही. तंबोऱ्याला चार तारा असतात. पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, आणि चौथी पितळेची, खर्जाची. गवयाच्या तानेला श्रोते दाद देतात; या चौथ्या तारेला दाद दिलेली मी तरी कधी ऐकली नाही. पण ती तार जरा उतरली की गवई गाणे थांबवून खुंटीकडे हात नेतो. भजनातल्या मृदंगाचेही तसेच. त्याच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापतात. चिमूटभर जास्त झाली की नाद बसतो, कमी पडली की पोकळ वाजतो. भजन संपले की ती कणीक खरवडून टाकायची, आणि पुढच्या भजनाला पुन्हा नवी मळायची. घुमारा ही रोज नव्याने करण्याची गोष्ट आहे, हे आपल्या मृदंग्यांना ठाऊक आहे.

हा सारा विचार माझ्या मनात आला तो आमच्या गावातल्या एका बापलेकांमुळे. शेंदूरजनाघाट हे सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यात वसलेले गाव. संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिकांसाठी ते ओळखले जाते. अशाच एका रोपवाटिकेच्या मालकाचा मुलगा माझ्या हाताखाली शिकून गेला, आणि पुढे मित्रांच्या ऑर्केस्ट्रात शिरला. त्याला बेस गिटार हवी होती. एके दिवशी त्याचे वडील माझ्याकडे आले.

"गुरुजी, पोट्ट्यानं ध्यासच घेतला. चार तारांचं ते लाकूड घ्याचं म्हनते. म्या म्हटलं, बाप्पा, वाजते कसं ते तं दाखव. त्यानं मोबाइलवर गानं लावलं. मले गानारा आयकू आला, पेटी आयकू आली, ढोलकी आयकू आली. हा म्हनते ते काई आयकूच नाई आलं! जे आयकूच येत नाई, त्याचे पैसे काहून द्याचे?"

त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. मोबाइलच्या नखाएवढ्या कर्ण्यातून इतका खालचा स्वर धडपणे निघतच नाही. पण तो तपशील न सांगता मी विचारले, "दादा, जंभेरीची फळं तुम्ही बाजारात किती विकता?"

"ते कोन खाते जी? आंबट न् जाड सालीचं."

"मग तिच्यासाठी एवढी मेहनत कशाला?"

ते हसले. जंभेरीचे बी पेरून रोप करायचे, खोड पेन्सिलीएवढे झाले की त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा, हे काम त्यांनी जन्मभर केलेले. फळ संत्र्याचे, नाव संत्र्याचे. जमिनीतले पाणी शोधणारे मूळ मात्र जंभेरीचे. माझा रोख त्यांच्या ध्यानात आला. पण शेतकरी उपमेला भुलत नाही. ते म्हणाले, "तुमचं म्हननं समजलं, गुरुजी. पन जंभेरी आपन घरीच बी टाकून करतो. लाखाची नाई आनत."

या एका वाक्याने त्यांनी माझ्या उपमेतली अर्धी हवा काढून घेतली. तळाचे मोल मान्य केले, तरी ते किती? बेस गिटार दहा-पंधरा हजारांपासून लाखांपर्यंत मिळते. यांत पुरे कोठे होते आणि हौस कोठे सुरू होते?

या वाद्याची जन्मकथा येथे उपयोगी पडेल. पूर्वी हे खालचे काम डबल बेस नावाचे, माणसाच्या उंचीहून मोठे तंतुवाद्य करीत असे. ते गाडीत मावत नसे, वादकवृंद मोठा असला की त्याचा आवाज दबून जाई, आणि मानेवर पडदे नसल्यामुळे स्वराची जागा बोटाने शोधावी लागे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा मनुष्य होता. त्याने १९५१ साली पडद्यांची, विजेवर चालणारी, गळ्यात अडकवता येणारी बेस गिटार बाजारात आणली. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो म्हणून तिचे नाव ठेवले 'प्रिसिजन'. मौज अशी, की फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादकांना अडचण काय होते, एवढे मात्र तो कान देऊन ऐकत असे.

त्याच्या कारखान्यातली १९६२ सालची एक बेस डेट्रॉइट शहरातल्या जेम्स जेमर्सन या वादकाकडे होती. मोटाउन या कंपनीच्या असंख्य गाण्यांच्या तळाशी त्याची बोटे आहेत. बोटे तरी कसली, उजव्या हाताच्या एकाच बोटाने तो तारा छेडी. तारा जाड, वरून गुळगुळीत पट्टी गुंडाळलेल्या. तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे. नव्या तारेचा टणत्कार त्याला नको होता. जुन्या तारेचा मऊ, गोल नाद हवा होता.

अशी गोष्ट हाती आली की पहिल्या वाक्याचे लोक खूश होतात. "पाहा, सारे हातातच असते!" असे म्हणून ते गरिबाच्या मुलाला मोडके वाद्य देतात आणि वर उपदेशही देतात. मला हा उपदेश अन्यायाचा वाटतो. जेमर्सनने तारा बदलल्या नाहीत. पण ज्या वाद्यावर त्या होत्या ते मुळात उत्तम होते. मान वाकलेली असेल, पडदे चुकीच्या जागी बसले असतील, तर देवाचा हात आला तरी स्वर लागायचा नाही. शाळेत ज्याला खडू-फळा मिळालेला नाही, त्याला अक्षर वळणदार नाही म्हणून बोलण्याचा अधिकार कोणाला आहे? साधनाला एक किमान असते, आणि ते किमान देणे हे देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

हे किमान ओळखणे फारसे कठीण नाही. मान सरळ आहे का, हे एका टोकाकडून डोळा लावून पाहावे. बाराव्या पडद्यावर दाबलेली तार मोकळ्या तारेच्या नेमकी एक सप्तक वर बोलते का, हे ऐकावे. खुंट्या ताण धरून राहतात का, तारा पडद्यांपासून फार उंच नाहीत ना, विजेचा खरखराट येत नाही ना, हेही पाहावे. तारेची लांबी बहुधा ३४ इंच असते; हात लहान असेल तर ३० इंचांची वाद्येही मिळतात आणि ती घेण्यात कमीपणा नाही. एवढे जमले की वाद्य पुरे झाले. त्यापुढे लाकडाचा रंग, मानेवरचे नाव आणि शिंपल्याचे ठिपके हा हौसेचा प्रांत. हौसेलाही माझा विरोध नाही. तिला गरज म्हणून बापाच्या खिशात हात घालू नये, एवढेच.

खरी काटकसर जेथे करू नये ती जागा वेगळीच आहे. आपला कान खालच्या स्वराला मंद असतो. तो स्वर वरच्या स्वरांइतकाच भरीव वाटावा, तर विजेची शक्ती कितीतरी अधिक लागते आणि मोठ्या कर्ण्याने हवा जास्त ढकलावी लागते. साध्या गिटारीच्या लहान ॲम्प्लिफायरवर बेस जोराने वाजवली तर कर्ण्याचा पडदा फाटण्याची भीती. म्हणून वाद्य मध्यम आणि ॲम्प्लिफायर भक्कम, हा क्रम शहाणपणाचा. दुकानात मात्र तो बहुधा उलटा होतो, कारण गळ्यात वाद्य दिसते आणि ॲम्प्लिफायर मागे अंधारात असतो.

काही गोष्टींना तर पैसेच पडत नाहीत. ४१ कंपनांच्या स्वराची हवेतली लाट आठ मीटरांहून लांब असते. ॲम्प्लिफायरची पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली तर तो स्वर फुगतो आणि सारे गढूळ होते. तीच पेटी भिंतीपासून थोडी पुढे ओढली की नाद निवळतो. तार मानेच्या बाजूला छेडली तर स्वर गोल येतो, घोडीपाशी छेडली तर टोकदार. मिरजेच्या तंबोऱ्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तेथे तंतुवाद्ये घडवायला घेतली, आणि 'सतारमेकर' हेच घराण्याचे आडनाव झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्याचा भोपळा कितीही मोठा घ्या, घोडीच्या माथ्यावर जवारी नीट लागली नाही तर तो मुकाच. आणि शेवटी तारेखाली जो दोरा केसाएवढा मागेपुढे सरकवायचा, त्याची किंमत काय? काहीच नाही. तो नेमका कोठे थांबवायचा, हे कळायला मात्र वर्षे लागतात.

येथवर साधनाची गोष्ट झाली. चांगला नाद म्हणजे कोणता, हा प्रश्न अजून उरलाच आहे. त्याबाबत बेस वाजवणारे एक अनुभव सांगतात, आणि मला तो कोणत्याही नीतिग्रंथात शोभेल असा वाटतो. खोलीत एकटे बसून ॲम्प्लिफायरची बटणे फिरवली, की तळ भरपूर वाढवलेला, मधला भाग काढून टाकलेला नाद फार भरदार वाटतो. पण तोच नाद घेऊन मंडळीत गेले, की तो ड्रमच्या घुमाऱ्यात आणि पेटीच्या स्वरांत विरघळून दिसेनासा होतो. मधले स्वर थोडे वाढवावे लागतात. एकट्यात ऐकताना ते जरा रुक्ष, नाकातले वाटतात, पण सर्वांसोबत तेच नेमके जागेवर बसतात. एकांतात भरदार वाटणारा माणूस संसारात उपयोगी पडेलच असे नाही, आणि एकट्याने भेटला तर रुक्ष वाटणारा माणूस चारचौघांत आधाराचा ठरतो, हे आपण घरोघर पाहतोच.

आणखी एक गोष्ट. या वाद्यात निम्मे कौशल्य तार थांबवण्याचे आहे. छेडलेली तार कोठे थांबवायची आणि न छेडलेल्या तारांना गुंजू कसे द्यायचे नाही, हे काम दोन्ही हातांना सतत करावे लागते. ऐकणाऱ्याला त्यातले काही कळत नाही. त्याला फक्त गाणे स्वच्छ वाटते.

त्या मुलाने शेवटी जुनी, वापरलेली बेस घेतली. वडिलांनी संत्र्याचे पैसे हाती आल्यावर चांगला ॲम्प्लिफायर घेऊन दिला. कोजागरीला गावात कार्यक्रम झाला. मी आणि ते शेजारीशेजारी बसलो होतो. एका गाण्यात मुलाच्या वाद्याची वायर निसटली. गाणे चालूच राहिले. गाणारा, पेटी, ढोलकी सारे जागेवर होते. पण ते एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, गानं पोकळ काहून झालं जी?" तो स्वर त्यांना कधी ऐकू आला नव्हता. त्याचे जाणे मात्र ऐकू आले.

पण जंभेरीची उपमा येथेच थांबवली पाहिजे, कारण पुढे ती फसवते. झाडाच्या मुळाला नावाची इच्छा नसते. माणसाला असते, आणि असण्यात काही पाप नाही. जेमर्सनचे नाव वर्षानुवर्षे तबकड्यांच्या वेष्टनांवर छापले जात नव्हते. ते १९७१ साली मार्व्हिन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर आले. आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी दशकानुदशके वादकवृंद तोलून धरले. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांत बेस वाजवणारे टोनी वाझ यांचे नाव, त्या गाण्यांवर वाढलेल्या किती घरांत ठाऊक असेल? आपण पायाच्या दगडाची, मुळाची, समईतल्या तेलाची स्तुती फार करतो. ती ऐकून कधीकधी शंका येते, की स्तुती केली म्हणजे मजुरी द्यावी लागत नाही असा आपला समज असावा. आमच्या गावचे बागवान याबाबत आपल्याहून सरळ आहेत. फळ वर लागते हे ठाऊक असूनही ते पाणी मुळाशी घालतात.

वाजवणाऱ्याने नावासाठी वाजवू नये, हे त्याचे त्याने ठरवावे. ऐकणाऱ्याने ते नाव विचारावे, हे आपण ठरवावे. एकाचा संयम ही दुसऱ्याची सूट होऊ शकत नाही. भजनी मंडळाला बिदागी देताना मृदंग्याच्या हातावर काय पडले, हे पाहणे यजमानाचेच काम आहे.

याच्या उलटही एक दोष आहे, आणि तो आज अधिक बोकाळला आहे. वरातीत आणि मिरवणुकीत कर्ण्यांच्या भिंती उभ्या राहतात. त्यांतून येतो तोही खर्जच. पण तो छातीवर बुक्के मारतो, खिडक्यांची तावदाने थरथरवतो, पाळण्यातल्या मुलाला दचकवतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये असे ते सांगतात. नियम आपल्या जागी योग्यच आहेत, परंतु मला त्याहून मूळचा बिघाड दिसतो. ज्या स्वराचे काम इतरांना उभे राहायला जागा देण्याचे, त्याने इतरांची जागाच खाल्ली. त्याच्यावर दुसरा कोणताही स्वर उभा राहू शकत नाही; सनई नाही, गाणे नाही, माणसाचे बोलणेही नाही. तळहातावर मावणाऱ्या खंजेरीने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी याच अमरावती जिल्ह्यातून हजारोंचे मेळे भजनात बसवले. त्या खंजेरीला शब्दांच्या वर चढावेसे कधी वाटले नाही.

मग सुरुवातीच्या दोन वाक्यांचे काय? नाद हातात असतो हे खरे, पण हाताला पुरेसे साधन देणे हा ज्याच्यापाशी आहे त्याचा धर्म. साधन हवे हेही खरे, पण पुरे झाल्यावर थांबणे हा घेणाऱ्याचा धर्म. आणि हात, साधन दोन्ही असूनही नाद चांगला की वाईट, हे वाजवणाऱ्याच्या एकट्याच्या कानाने ठरत नाही. त्याच्या आधाराने दुसऱ्याला नीट गाता आले का, एवढीच त्याची कसोटी. ती उतरली तर दहा हजारांची बेस महाग नाही, आणि उतरली नाही तर लाखाचीही फुकट गेली.

या दिवाळीत फराळाच्या वेळी घरात कोणी जुने गाणे लावील. गाणाऱ्याचे शब्द आपल्याला पाठच असतात. ते घटकाभर आपले आपण चालू द्यावेत आणि कान खाली, अगदी तळाशी न्यावा. तेथे कोणीतरी एकेक पाऊल मोजून टाकीत चाललेले ऐकू येईल. गाणे संपल्यावर मुलांना विचारावे, हे वाजवणाऱ्याचे नाव कोणी शोधून काढता का? आणि मुले ते शोधीत असताना, स्वयंपाकघरात अजून कोण उभे आहे, तेही एकदा पाहून यावे.